ताईचे कान आणि तिघांचं रेकॉर्ड

ताईला ऐकू येईनासं झालं आणि तिचं कौतुक वाढलं.

दुसऱ्या कुठल्या वाद्यवृंदात ती असती तर पहिल्याच तालमीत तिचं बिंग फुटलं असतं. तिथे चाल ठरलेली, ताल ठरलेला, कोणी कुठे थांबायचं तेही ठरलेलं. एक जण चुकला की बाकीचे माना वळवून त्याच्याकडे असे बघतात की बिचाऱ्याने वाद्य विकून टाकावं. पण ताई वाजवायची ते फ्री जॅझ. त्यात काहीच ठरवायचं नसतं. वाद्यं हातात घ्यायची, कोणीतरी सुरुवात करायची आणि पुढे ज्याला जे सुचेल ते त्याने तिथल्या तिथे वाजवायचं. नवख्या माणसाला बराच वेळ वाटत राहतं की ही मंडळी अजून वाद्यं जुळवताहेत. मग तो घड्याळ बघतो. मग दरवाजा कुठे आहे ते बघतो. त्यानंतरही जो बसून राहतो त्याला मात्र ते लागतं, आणि लागलं की सुटत नाही.

अशा संगीतात एखादी बाई दुसऱ्यांना न जुमानता भलतंच वाजवत सुटली, तर तिला कोणी बहिरी म्हणत नाही. धाडसी म्हणतात.

तिघंच होते ते. सॅक्सोफोनवर दातांचे डॉक्टर. तालीम त्यांच्याच दवाखान्यात व्हायची, रविवारी सकाळी, पेशंट बसायच्या खोलीत. तिथून कसलेही आवाज आले तरी शेजाऱ्यांना नवल वाटत नसे, ही मोठीच सोय होती. ड्रमवर ताईचा सख्खा भाऊ. त्याने साठी ओलांडली होती, टक्कल पडलं होतं, तरी घरात धाकटा होता म्हणून जगातही धाकटाच राहिला. त्याचा धंदा गाडी शिकवण्याचा. शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय रोखून त्याने आयुष्य काढलं होतं, त्यामुळे त्याचा उजवा पाय झोपेतही सावध असायचा. तोच पाय मोठ्या ड्रमवर पडला की खिडक्यांची तावदानं थरथरायची.

आणि डबल बासवर ताई. डबल बास म्हणजे पोट सुटलेलं, माणसाहून उंच व्हायोलिन. ते जमिनीवर टेकवून, त्याला जवळजवळ मिठी मारून, उभ्याने, गज ओढून वाजवायचं. ताईने उभी हयात छापखान्यात काढलेली. यंत्रांच्या धडधडीत ती ओठ वाचायला शिकली होती, आणि त्याच यंत्रांनी जाता जाता तिचे कान नेले. आधी पाखरं गेली, मग दारावरची घंटा, मग सुनेचं बोलणं. शेवटी डॉक्टरांचा सॅक्सोफोनही गेला, तेव्हा ताईने ठरवलं की याची वाच्यता करायची नाही.

लपवणं फारसं अवघड गेलं नाही. धाकटा जन्मतःच ओरडून बोलणारा. आणि डॉक्टरांना समोरच्याचं तोंड उघडं ठेवून एकट्यानेच बोलत राहायची सवय. उत्तराची त्यांना अपेक्षाच नसायची. शिवाय तिघांचा एक जुना नियम होता: वाजवून झालं की त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. "बोललं की शिळं होतं," असं डॉक्टरांचं म्हणणं. वाद्यं खाली ठेवली की चहा, गुडघे, आणि धाकट्याच्या नव्या शिष्याने कुठल्या कुंपणात गाडी घातली, एवढंच बोलायचं. अलीकडे डॉक्टर फार तर नियम मोडून पुटपुटायचे, "ताई, काय मोकळं वाजवलंत आज!" ताई हसून मान डोलवायची. शब्द तिने ओठांवरून टिपलेले असायचे.

वाजवताना तिच्या स्वतःच्या युक्त्या होत्या, आणि त्यांच्यावर ती बेहद्द खूश होती. तिच्या वाद्याचं खालचं टोक फरशीवर घसरू नये म्हणून धाकट्याने एक फळी आणून टाकली होती. ताई त्या फळीवर चपला काढून उभी राहायची. मोठा ड्रम घुमला की फळी तळपायांत बोलायची. डॉक्टरांची बोटं तिला समोर दिसायची. आणि डॉक्टरांना अलीकडे एक नाटकी खोड लागली होती. थांबायच्या आधी ते सॅक्सोफोनचं तोंड छताकडे उचलायचे. ते उचललं की ताई गज हलका करायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ ताईने अशी दोन वर्षं झाकून ठेवली होती.

तुम्ही म्हणाल, एवढी लपवाछपवी कशासाठी? सांगितलं असतं तर भावाने काय तालमीतून काढलं असतं? नसतं काढलं, आणि नेमकी त्याचीच तिला भीती होती. छापखान्यात एक म्हातारा जुळारी होता. त्याचे डोळे गेले तरी मालकाने त्याला काढलं नाही. दाराशी स्टूल दिलं. येणारा जाणारा त्याच्या पाठीवर थाप मारून "काय काका, बरं आहे ना?" करायचा आणि पुढे जायचा. सगळे त्याच्याशी गोड वागत आणि कोणी त्याला एक अक्षर जुळवायला देत नसे. ताईने ते रोज बघितलं होतं. कोणी आपल्यावर रागावलं, भांडलं, अगदी तोंडावर 'तुझं वाजवणं संपलं' म्हणालं तरी चालेल. पण कीव नको. कीव करून ठेवून घेणार असतील, तर त्याआधी आपणच डबल बास उचलून घरी यायचं, हे तिने मनाशी पक्कं केलेलं होतं.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण डॉक्टरांच्या मनात रेकॉर्ड काढायचं आलं.

एका छोट्याशा कंपनीने होकारही दिला. एका दिवसासाठी रेकॉर्डिंगची जागा ठरली. रविवारी चहा पिताना डॉक्टरांनी तिथली पद्धत समजावून सांगितली: तिघांना तीन वेगळ्या काचेच्या खोल्या, प्रत्येकाच्या कानावर हेडफोन, आणि एकमेकांचं वाजवणं त्यातून ऐकायचं. ताईने त्यांच्या ओठांवरचा 'हेडफोन' हा शब्द वाचला आणि कप खाली ठेवला. वेगळ्या खोलीत फळी काय बोलणार? डॉक्टरांची बोटं एवढ्या लांबून काय दिसणार?

त्या संध्याकाळी ती सुनेपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चल, कुठे न्यायचं म्हणत होतीस मला?"

सून कधीपासून तिच्या मागे लागली होती. दूध उतू जाण्यावरून, दारात ताटकळत राहिलेल्या पाहुण्यांवरून, टीव्हीच्या आवाजावरून घरात महाभारत व्हायचं, आणि ऐकूच येत नसल्याने त्यात नेहमी ताईच जिंकायची. सुनेने तिला कानाच्या दवाखान्यात नेलं, तपासण्या करवल्या, आणि रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी पावट्याच्या दाण्याएवढी दोन श्रवणयंत्रं घरी आणली.

"आई, केसांखाली दिसणारसुद्धा नाहीत," ती म्हणाली.

"ओरडू नकोस," ताई म्हणाली.

"मी हळूच बोलतेय, आई."

ताई दचकून खाली बसली. घर आवाजांनी गजबजलेलं होतं. पंखा कण्हत होता. मुलगा पापड खात नव्हता, भात खात होता, तरी केवढा आवाज करत होता. आणि सून भाजी चिरता चिरता गुणगुणायची, हे ताईला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. गोड होता की पोरीचा गळा. ताईने तिला तसं सांगितलं आणि पाठोपाठ तंबीही दिली, "धाकट्याला यातलं काही कळता कामा नये. शपथ आहे तुला."

दुसऱ्या दिवशी तिघं काचेच्या तीन खोल्यांत जाऊन बसले. रेकॉर्डिंगवाला समोरच्या यंत्रांच्या खोलीत. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, पुढ्यात बिस्किटांचा डबा ठेवून काम करणारा गृहस्थ. त्याच्यापुढे एक बटण होतं. ते दाबून तो बोलला की तिघांच्या हेडफोनमध्ये ऐकू यायचं. भिंतीवर लाल दिवा. तो लागला की वाजवायचं, आणि वाजवून झालं तरी तो विझेपर्यंत कोणी हलायचं नाही, कारण झांजेचा शेवटचा रेंगाळता आवाजसुद्धा रेकॉर्डमध्ये यायला हवा.

ताईने केस कानांवर ओढून घेतले, वर हेडफोन चढवला. लाल दिवा लागला. डॉक्टरांनी गाल फुगवले.

आणि ताईच्या अंगावर शहारा आला. पण आनंदाचा नव्हे.

हे असं वाजवतात हे लोक? दोन वर्षं तिने मनात जो सॅक्सोफोन ऐकला होता तो मधासारखा होता. हा तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. त्यात डॉक्टर दोन सुरांच्या मधे नाकाने सूं सूं करत होते. धाकटा वाजवताना तोंडाने "हं, हं, हं" म्हणत होता, म्हैस हाकावी तसा. थोडा दोष कानांतल्या नव्या यंत्रांचा असेल, सवय नसण्याचा असेल. पण ताई पार भेदरली. आणि भेदरलेला माणूस करतो तेच तिने केलं, ती शहाण्यासारखी वागू लागली. डॉक्टर वर गेले की ती वर, ते खाली आले की ती खाली. धाकट्याने ठोका दिला की ती बरोब्बर त्याच ठोक्यावर. नव्या नवरीने सासरी पहिल्या दिवशी वावरावं तसं तिचं वाजवणं झालं.

दिवा विझला. रेकॉर्डिंगवाल्याचा चेहरा उजळला होता. "वा!" त्याचा आवाज हेडफोनमध्ये आला. "आता कुठे सूर जुळायला लागले तुमचे!"

डॉक्टर आणि धाकटा यांचे चेहरे मात्र कोणी मेल्यासारखे झाले. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर ते जवळजवळ गाणंच झालं. तेव्हा डॉक्टरांनी सॅक्सोफोन खाली ठेवला आणि ते तरातरा यंत्रांच्या खोलीत गेले. मागोमाग धाकटा. ताईला त्याने काचेतून हातानेच 'बस, बस, आलोच' केलं.

रेकॉर्डिंगवाल्याने पुढे वाकून आपला डबा सरकवला. तो नेमका त्या बोलायच्या बटणावर जाऊन बसला. आणि ताईच्या कानात डॉक्टरांचा आवाज अगदी शेजारी उभं राहून बोलल्यासारखा आला.

"काय झालंय ताईंना आज? त्या ऐकताहेत!"

"ती कशी ऐकेल?" धाकटा म्हणाला. "तिच्या कानाशी तोफ डागली तरी कळायचं नाही तिला."

"मग माझ्या मागे मागे का येताहेत? इतक्या वर्षांत कधी आल्या नाहीत!"

"काचेतून तुमची बोटं बघतेय, दुसरं काय. घाबरलीय ती. ड्रम दुसऱ्या खोलीत, पायाखाली फळी नाही. मी सांगत होतो ना, या पेट्यांमध्ये तिचं जमायचं नाही."

ताई हातातल्या गजासकट जागच्या जागी थिजली.

"एक मिनिट," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "त्या मावशींना ऐकू येत नाही?"

"दोन वर्षं झाली."

"आणि त्यांना हे माहीत नाही?"

"तिला माहीत आहे हो!" धाकटा वैतागला. "आपल्याला माहीत आहे, हे तिला माहीत नाही. आणि ते कळता कामा नये. कळलं तर त्याच दिवशी डबल बास उचलून चालायला लागेल. मी ओळखतो ना तिला. म्हणून तर ती फळी टाकली. टोक कसलं घसरतंय! ड्रम तिच्या पायांपर्यंत पोचावा म्हणून टाकली."

"आणि मी," डॉक्टर म्हणाले, "शेवट आला की सॅक्सोफोन मशालीसारखा वर धरतो. लोकांना वाटतं मला शिंगं फुटलीत."

रेकॉर्डिंगवाल्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"मोठ्या मनाची माणसं आहात हो तुम्ही. मावशींचं मन राखायचं म्हणून एवढं सगळं करता. नाहीतर कोण कोणाला सांभाळून घेतं आजकाल? घ्या, बिस्किट घ्या."

आणि त्याने डबा उचलला.

हेडफोनमध्ये शुकशुकाट झाला. काचेपलीकडे धाकटा पाठमोरा उभा होता. डॉक्टर खूप वेळ काहीतरी बोलत होते, पण कोणाकडे वाकून बोलताना डॉक्टरांना तोंडासमोर हात धरायची धंद्याची सवय. ओठ दिसतील तर शपथ. ताईने मान तिरकी केली, टाचा उंच केल्या, काचेला नाक लावायचं तेवढं बाकी ठेवलं. काही कळेना. मन राखायचं म्हणून, असं तो माणूस म्हणाला होता. त्यावर हे काय म्हणाले? 'हो' म्हणाले, की 'नाही' म्हणाले?

म्हणजे तिच्या त्या सगळ्या युक्त्या तिच्या नव्हत्याच. दोन वर्षं दोघं तिला दोन्ही बाजूंनी हात धरून रस्ता ओलांडून देत होते, आणि ती समजत होती आपणच रहदारी थांबवतोय. आणि ते 'काय मोकळं वाजवलंत'? तेही त्यातलंच असणार. ताईला त्या म्हाताऱ्या जुळाऱ्याचं स्टूल आठवलं आणि तिला खरोखरच रडू आलं. तिने गजाला राळ लावायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

दोघं परत आले ते थापा तयार करूनच.

"ताई, मला त्या पेटीत गुदमरायला होतं," डॉक्टर छातीवर हात ठेवून म्हणाले. धाकटा तिच्या तोंडासमोर येऊन ओरडला, "आणि मला एकट्याला झोप येते! आपण सगळे मोठ्या खोलीत एकत्र वाजवू या!"

आतापर्यंत धाकट्याचं ते ओरडणं ताईला भावाचा उमाळा वाटत असे. आता यंत्रांतून ते कानात सुरुंग लागल्यासारखं गेलं. तरी ती चेहरा मख्ख ठेवून म्हणाली, "तुमची मर्जी."

रेकॉर्डिंगवाल्याने कुरकुर केली. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरेल, नंतर वेगळा करता यायचा नाही, असं त्याचं म्हणणं. पण मावशींकडे बघून त्याने दोन सुस्कारे टाकले आणि माईक हलवले. धाकटा खाली जाऊन गाडीच्या डिकीतून फळी घेऊन आला. म्हणजे पठ्ठ्याने ती बरोबर आणूनच ठेवली होती! ती त्याने ड्रमपासून ताईच्या पायांपर्यंत अशी बेताने सरकवली की ताईला एकाच वेळी त्याचा मुका घ्यावासा वाटला आणि कानाखाली वाजवावीशी वाटली.

तिने चपला काढल्या, फळीवर पाय ठेवले आणि एक बेत केला. विचारायचं तर नाही. विचारलं की ही गोड माणसं गोडच बोलणार. वाजवून बघायचं. मुद्दाम, ठरवून, टाकाऊ वाजवायचं. कीव असेल तर दोघं सांभाळून घेतील, आणि मग हे रेकॉर्ड झालं की आपला राम राम.

लाल दिवा लागला.

ताईने एक सूर धरला, तोच पुन्हा ओढला, पुन्हा तोच ओढला. ओला टॉवेल दोरीवर आपटत राहावा तसा. ना त्यात जीव, ना विचार. डॉक्टरांनी जरा वाट पाहिली आणि मग त्यावर एक लांब, मऊ सूर अलगद पसरला. आजाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालतात तसा. धाकट्यानेही काठ्या ठेवून तारांचे ब्रश घेतले आणि तो ते झांजेवर हळूहळू फिरवू लागला.

आलं ना शेवटी, ताईला वाटलं. छातीत कळ उठली तिच्या. सांभाळून घेताहेत. पण रागही आला, आणि रागाच्या भरात तिने आणखी हीन पातळी गाठली. शिकाऊ पोर पहिल्या महिन्यात जिना चढल्यासारखे सूर चढतं आणि उतरतं, तसं तिने सुरू केलं. चढली, उतरली. चढली, उतरली.

धाकट्याचे ब्रश थांबले.

मग फळीतून तिच्या तळपायांत धाडकन एक ठोका आला. नुसता ठोका नव्हता तो. रस्ता सोडून कुंपणाकडे निघालेल्या शिष्याला थांबवायला धाकटा ज्या पायाने ब्रेक दाबतो, तो पाय होता. 'बस!' असा सरळ त्याचा अर्थ. ताई थांबली नाही. पुन्हा ठोका आला, पहिल्याहून जोराचा. आणि मग डॉक्टरांनी, त्या सभ्य, मऊ हाताच्या डॉक्टरांनी, सॅक्सोफोनमधून तिची नक्कल केली. तेच चढणं, तेच उतरणं, पण नाकातून, वेडावून, शाळेतल्या खोडकर पोरांसारखी. एकदा केली आणि तिने पुन्हा वाजवल्यावर पुन्हा केली, अधिकच लांबवून.

ताईचा चेहरा लाल झाला. इतका अपमान तिचा छापखान्यातसुद्धा कोणी केला नव्हता. आणि त्याच वेळी तिला आनंदाने ओरडावंसं वाटलं. कीव करणारा माणूस असं वेडावत नाही! आजाऱ्याला कोणी लाथ मारून उठवत नाही!

"थांबा, दाखवते," ती मनात म्हणाली आणि गज आडवा घातला.

मग जे झालं ते रेकॉर्डची पूर्ण एक बाजू भरून आहे. घरातल्या घरात जुनं भांडण निघावं आणि कोणीच कोणाला वाक्य पुरं करू देऊ नये, तसं ते चाललं. डॉक्टर काही म्हणायला गेले की ताई त्यांचं बोलणं मधेच तोडत होती. धाकटा पुढे घुसला की ती त्याला वाट अडवून उभी राहत होती, आणि तो वळसा घालून गेला की आधीच तिकडे जाऊन थांबलेली असे. आता तिला दोघांचं सगळं ऐकू येत होतं, सूं सूं आणि हं हं सकट, आणि ते तिला आवडत होतं. पण ती कोणाच्या मागे जात नव्हती. ऐकून घेणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे प्रत्येक घरातल्या मोठ्या बहिणीला माहीत असतं. एकदा तिने सगळ्यात जाड तार अशी ओढली की डॉक्टर श्वास घ्यायचा विसरले आणि त्यांचा सूर मधेच फाटला. तो फाटलेला सूर धाकट्याने झांजेवर झेलला. तिथे ताई मोठ्याने हसली, तेही रेकॉर्डमध्ये आहे.

शेवटी डॉक्टरांनी सॅक्सोफोन छताकडे उचलला. धाकट्याने काठ्या वर धरल्या. ताईने शेवटचा सूर सोडला नाही, तो झिजून झिजून आपण होऊन संपेपर्यंत गज ओढत राहिली.

लाल दिवा अजून लागलेला होता. तिघं जागच्या जागी स्थिर. झांज बारीक बारीक होत चालली होती. ताई समोर भिंतीकडे बघत होती, आणि तिच्या पाठीमागे धाकटा अगदी दबक्या आवाजात डॉक्टरांना म्हणाला, "सुरुवातीला काय भिकार वाजवलं हो हिने. वाटलं, उठून जावं."

"मीसुद्धा चिडलो," डॉक्टर कुजबुजले. "पण नंतर?"

धाकट्याने नाकाने श्वास घेतल्याचा आवाज आला.

"नंतर मला लहानपणीसारखं वाटलं," तो म्हणाला. "ही पुढे पळत जाईल आणि मी मागे राहीन. मला नेहमी तीच भीती वाटते हिच्याबरोबर वाजवताना."

दिवा विझला. ताईला वळायचं होतं, पण डोळे भरून आल्यामुळे वळता येईना. तेवढ्यात तिच्या मागच्या भिंतीवरचा स्पीकर खरखरला आणि रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "पहिल्या बाजूला हेच घेऊ या, फार छान झालं. फक्त शेवटी तुमचं थोडं बोलणं आलंय, तेवढं कापून टाकतो."

"खबरदार कापलंत तर!" ताई म्हणाली.

डॉक्टरांनी हळूच स्पीकरकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि त्यांचं तोंड त्यांच्या पेशंटांसारखं उघडंच राहिलं. धाकटा टकलापर्यंत लाल झाला. तो ड्रमच्या मागून उठला, फळी ओलांडून तिच्या समोर आला.

"ताई, तुला ऐकू आलं?" त्याने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिच्याशी हळू बोलत होता.

"मी मागे बघत बघतच पळायचे रे," ताई म्हणाली. "म्हणून तर सारखी पडायचे."